पीयूसीनंतरचा निबंध : चाळीस वाक्यांच्या सवयीतून बाहेर पडताना

दुसऱ्या पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीच्या, इतिहासाच्या पेपरात उत्तर केवढं लिहायचं ते प्रश्नाच्या डोक्यावरच छापलेलं असतं. पाच गुणांना पंधरा ते वीस वाक्यं, दहा गुणांना तीस ते चाळीस. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातला कला शाखेचा विद्यार्थी दोन वर्षं याच मापानं लिहितो. मुद्दे पाठ करायचे, उपशीर्षकाखाली रेघ मारायची, वाक्यांची संख्या भरली की पुढचा प्रश्न. त्या परीक्षेपुरती ही पद्धत बरोबरच असते, कारण तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं आणि त्यातले मुद्दे तुमच्या कागदावर दिसले की गुण पडतात.

मग डिग्रीच्या पहिल्याच सेमिस्टरला असाइनमेंट मिळते : ‘१९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचे महत्त्व तपासा. शब्दमर्यादा १५००.’ विद्यार्थी जुन्याच पद्धतीनं चाळीस वाक्यांची शंभर वाक्यं करतो. माहिती सगळी बरोबर असते, अक्षर सुंदर असतं, तरी वही परत येते तेव्हा समासात शेरा असतो : ‘माहिती आहे, युक्तिवाद कुठे?’

प्राध्यापकांना अधिवेशन कधी भरलं हे तुमच्याकडून कळून घ्यायचं नसतं. ते त्यांना ठाऊक आहे. त्या माहितीवरून तुम्ही कोणत्या निष्कर्षाला आलात आणि तो कशाच्या आधारावर, एवढंच त्यांना बघायचं असतं. म्हणून इथे हीच एक असाइनमेंट प्रश्नापासून शेवटच्या प्रतीपर्यंत नेऊन दाखवतो. विषय राज्यशास्त्राचा असो, समाजशास्त्राचा किंवा मराठी साहित्याचा, पायऱ्या त्याच राहतात.

प्रश्न फोडणे

प्रश्न स्वतःच्या हातानं वहीत उतरवा आणि त्यात तीन गोष्टींखाली रेघ मारा : काय करायला सांगितलंय, कशाबद्दल, आणि कुठल्या मर्यादेत. आपल्या उदाहरणात क्रिया ‘तपासा’, विषय ‘महत्त्व’, मर्यादा ‘१९२४ चे बेळगाव अधिवेशन’. गांधीजींचं चरित्र किंवा काँग्रेसचा १८८५ पासूनचा इतिहास यात कुठेच मागितलेला नाही.

सर्वात जास्त गुण जातात ते क्रियापदाकडे दुर्लक्ष केल्यानं. ‘वर्णन करा’ म्हटलं की काय घडलं ते सांगायचं. ‘स्पष्ट करा’मध्ये कसं आणि का घडलं हेही येतं. ‘चर्चा करा’, इंग्रजी पेपरातलं ‘डिस्कस’ किंवा कन्नडमधलं ‘चर्चिसि’ आलं की निदान दोन बाजू मांडून त्यांतली कुठली जास्त टिकते ते सांगावं लागतं. ‘तपासा’, ‘मूल्यमापन करा’, ‘क्रिटिकली एक्झॅमिन’, ‘विमर्शिसि’ या सगळ्यांत निवाडा द्यायचा असतो, आणि कुठल्या निकषावर दिला तेही उघड करायचं असतं. ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ विचारलं तर उत्तराचा साचा ‘इथपर्यंत खरं, त्यापुढे नाही’ असा. ‘चर्चा करा’ला ‘वर्णन करा’चं उत्तर देणं ही पीयूसीतून येणाऱ्यांची सर्वात ठरलेली चूक आहे.

आता प्रश्नालाच उलटे प्रश्न विचारा. महत्त्व कुणासाठी : काँग्रेससाठी, गांधीजींसाठी, की बेळगाव-कर्नाटकासाठी? त्या वर्षापुरतं की पुढे टिकलेलं? कशाच्या तुलनेत? यातल्या एकदोन प्रश्नांची उत्तरंच पुढे निबंध होणार आहेत, म्हणून इथे अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही.

याच टप्प्यावर सरांना किंवा मॅडमना एकदा भेटून या. शब्दमर्यादेत संदर्भसूची धरायची का, संदर्भ कुठल्या शैलीत द्यायचे, कुठल्या भाषेत लिहिलेलं चालेल, हातानं की टाइप करून, आणि उशीर झाला तर गुण कापतात का, एवढं विचारायचं. भाषेच्या संकोचानं आपली मुलं-मुली हे विचारतच नाहीत आणि नंतर हॉस्टेलमधल्या ऐकीव माहितीवर चालतात. मराठी, कन्नड, मोडकं इंग्रजी, जे जमेल त्यात विचारा.

सीनियरच्या वहीवर मात्र विसंबू नका. कर्नाटकात २०२१-२२ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रम आला, २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली. दोन वर्षं पुढे असलेल्या ताईचा पेपर पॅटर्न तुमचा असेलच असं नाही. निपाणीकरांची गोष्ट आणखी वेगळी. अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात प्रवेश घेतला की राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिवाजी विद्यापीठाच्या नियमांत जातो, आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणाऱ्या शेजाऱ्याचे नियम तिथे चालत नाहीत.

दिवसांची वाटणी

१५०० शब्दांच्या निबंधाला बारा दिवस हाताशी ठेवा. रोज तास-दीड तास मिळाला तरी पुरतो. पहिला दिवस प्रश्नाचा. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत वाचन आणि टिपणं. सहाव्या दिवशी मुख्य विधान आणि आराखडा. सातवा-आठवा कच्च्या खर्ड्याला. नववा दिवस कोरा सोडायचा, वही उघडायचीच नाही. दहावा-अकरावा दुरुस्तीला, बारावा पक्क्या प्रतीला. प्रत्यक्ष लिहिण्यात एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जात नाही. आदल्या रात्री बसणारा नेमका वाचन आणि दुरुस्ती हे दोन भाग गाळतो, आणि गुण त्यातच असतात. जमा करायची तारीख गणपतीच्या पुढे-मागे येत असेल तर ते दिवस आधीच वजा करा. त्या दिवसांत कुणी अभ्यास करत नाही.

काय वाचायचं, कुठे मिळतं

क्रमिक पुस्तक तासाभरात वाचून बाजूला ठेवा. त्यातून घटनांचा क्रम कळतो, पण निबंधाचा आधार म्हणून ते दाखवू नये. १५०० शब्दांना चार ते सहा साधनं पुरतात : दोन पुस्तकं, एक-दोन लेख, आणि निदान एक त्या काळचा कागद. आपल्या विषयात तो कागद म्हणजे गांधीजींचं अध्यक्षीय भाषण. त्यांच्या समग्र लेखनाचे शंभर खंड इंटरनेटवर फुकट आहेत, त्यांत ते मिळतं. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींऐवजी मूळ भाषणातला एक उतारा वाचून त्यावर स्वतः काही म्हटलं की निबंधाची पातळी एकदम बदलते.

शोधाची सुरुवात कॉलेजच्या लायब्ररीतून करा. तिथल्या ग्रंथपालांना ‘एन-लिस्ट’चं लॉगिन मागा. कॉलेज सभासद असेल तर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं घरबसल्या उघडतात, आणि बहुतेक विद्यार्थ्यांना हे माहीतच नसतं. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. प्रबंधाचं पहिलं प्रकरण आणि शेवटची संदर्भसूची बघा. पुढे काय वाचायचं त्याची आयती यादी मिळते. पहिल्या ओळखीसाठी मराठी विश्वकोश चांगला. शहरात असाल तर १८४८ पासूनच्या सार्वजनिक वाचनालयात डोकवा, आणि १९१९ मध्ये बाबुराव ठाकुरांनी सुरू केलेल्या ‘तरुण भारत’चे जुने अंक कुठे बघायला मिळतील ते तिथे विचारा.

इंटरनेटवर शोधताना एक अडचण आपल्या भागाची आहे. शहराचं नाव अधिकृतपणे १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून ‘बेळगावी’ झालं. त्याआधीचं जवळजवळ सगळं इंग्रजी साहित्य ‘बेलगाम’ या जुन्या स्पेलिंगखाली आहे. नव्या नावानं शोधून ‘काहीच मिळत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही नावांनी शोधा, मराठीत ‘बेळगाव’ आणि ‘बेळगांव’ अशा दोन्ही लेखनांनी शोधा, आणि पुस्तकाच्या मागच्या शब्दसूचीतही हीच युक्ती वापरा.

एका बाबतीत मात्र सीमाभागातला विद्यार्थी पुण्या-बंगळुरूच्या विद्यार्थ्याच्या पुढे आहे. त्याला तीन भाषांत वाचता येतं, आणि १९२४ सारख्या विषयात त्यानं खरोखर फरक पडतो. मराठी मांडणीत हे अधिवेशन बहुधा टिळकांच्या वारशाला जोडून येतं : १९१६ मध्ये टिळकांची होमरूल लीग बेळगावातच स्थापन झाली होती आणि अधिवेशनाचे यजमान गंगाधरराव देशपांडे मूळचे टिळकांचे अनुयायी. कन्नड मांडणीत त्याच दिवसांत बेळगावात भरलेल्या कर्नाटक एकीकरण परिषदेला मोठी जागा मिळते. तिचे अध्यक्ष सिद्दप्पा कंबळी होते. राष्ट्रीय पातळीवरच्या इंग्रजी पुस्तकांत गांधीजी आणि स्वराज पक्ष (काँग्रेसमधलाच, कायदेमंडळात जाऊ पाहणारा गट) यांच्यातली तडजोड एवढाच विषय असतो. तिन्ही चुकीचे नाहीत, पण प्रत्येकाचा भर निराळा आहे. तिन्ही शेजारी ठेवून असा भर का बदलतो याचा एक परिच्छेद जरी लिहिलात, तरी ते काम कुठल्याही गाइडमध्ये सापडणार नाही.

याच जागी एक धोका आहे. बेळगावावर लिहिताना पेन कधी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेकडे आणि सीमाप्रश्नाकडे वळेल ते कळतही नाही, आणि निबंधाचं पत्रक होतं. सीमाप्रश्नावर ठाम मत असायला काहीच हरकत नाही. मात्र प्रश्न १९२४ चा असेल तर उत्तरही १९२४ चंच हवं. आणि खुद्द सीमाप्रश्नावरच निबंध असेल तर आपल्याला न पटणारी बाजू तिच्या सगळ्यात भक्कम रूपात आधी मांडायची. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपल्या घरात कितीही नावडता असला तरी तो न वाचता त्यावर लिहू नये.

टिपणं

पुस्तक उघडलं की आधी लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, वर्ष पानाच्या माथ्यावर लिहा. मोबाइलनं मुखपृष्ठानंतरच्या दोन्ही पानांचा फोटो काढला तरी चालतो. पान उभं दुभागा. डावीकडे पुस्तक काय म्हणतं ते, प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते : ‘हे आधीच्या लेखकाशी जुळत नाही’, ‘याला पुरावा काय?’, ‘दुसऱ्या परिच्छेदात घेता येईल’. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत घाला. दोन आठवड्यांनी कुठलं वाक्य पुस्तकाचं आणि कुठलं आपलं हे कुणालाच आठवत नाही, आणि नकळत होणारी वाङ्मयचोरी इथूनच सुरू होते. झेरॉक्सवर पिवळा हायलाइटर फिरवणं म्हणजे टिपण नव्हे. त्यानं फक्त वाचल्याचं समाधान मिळतं.

मुख्य विधान

वाचन संपलं की वही मिटा आणि प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात लिहून बघा. पहिल्या झटक्याला बहुतेक असं काहीतरी येतं : ‘१९२४ चे बेळगाव अधिवेशन स्वातंत्र्यलढ्यात अतिशय महत्त्वाचे होते.’ याला कुणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच त्यावर दीड हजार शब्द लिहिता येत नाहीत. दुसरा प्रयत्न : ‘गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव काँग्रेस अधिवेशन होते.’ खरं आहे, पण ही नोंद झाली. तिसरा प्रयत्न बघा :

‘बेळगाव अधिवेशनाने नवा लढा सुरू केला नाही. असहकार स्थगित ठेवून आणि स्वराज पक्षाशी झालेल्या कराराला मान्यता देऊन त्याने दुभंगत चाललेली काँग्रेस एकत्र ठेवली. त्याचे महत्त्व या तडजोडीत आहे.’

हे चालतं, कारण वर्गातला एखादा शहाणा मित्र यावर ‘मला नाही पटत’ म्हणू शकतो. तीच पहिली कसोटी. दुसरी कसोटी अशी की विधानातल्या प्रत्येक तुकड्याला तुमच्या टिपणांत निदान दोन आधार हवेत. तिसरी, दिलेल्या शब्दांत ते मावायला हवं. ‘गांधीयुगाने भारत कसा घडवला’ हे १५०० शब्दांत मावत नाही. विधान खर्डा लिहिताना बदललं तर घाबरू नका. तसं झालं तर विचार चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. फक्त मग प्रस्तावना परत लिहायला विसरू नका, कारण पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर दुसरंच म्हणणारे निबंध कमी नसतात.

आराखडा

शब्दांची वाटणी आधी करा. प्रस्तावना १५०, मधले चार परिच्छेद प्रत्येकी २५०, विरोधी बाजूचा एक २००, समारोप १५०. एकूण १५००. आता प्रत्येक परिच्छेदासाठी एकेक पूर्ण वाक्य लिहा. ‘पार्श्वभूमी’, ‘ठराव’, ‘परिणाम’ असे शब्द चालणार नाहीत. ती पीयूसीची उपशीर्षकं झाली, त्यांतून तुमचं म्हणणं कळत नाही. आपल्या निबंधाची वाक्यं अशी होतील :

फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर असहकार मागे घेतला गेला, मार्चमध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि कायदेमंडळात जावे की नाही यावरून काँग्रेस फेरवादी (जावे म्हणणारे) आणि नाफेरवादी (जाऊ नये म्हणणारे) अशी दुभंगली. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी जानेवारी १९२३ मध्ये काढलेला स्वराज पक्ष १९२४ पर्यंत इतका वजनदार झाला होता, की फेब्रुवारीत सुटून आलेल्या गांधीजींना त्याला बाजूला सारणे शक्य नव्हते. गांधीजी आणि स्वराज पक्ष यांच्यातल्या नोव्हेंबरच्या कलकत्ता कराराला बेळगावात मान्यता देताना सूतकताईची अट घालून नाफेरवाद्यांनाही सांभाळले गेले. गंगाधरराव देशपांडे यांच्या यजमानपदामुळे याच तडजोडीला कर्नाटकात खादीच्या कामाचे रूप मिळाले.

ही वाक्यं सलग वाचली तर एक युक्तिवाद ऐकू यायला हवा. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल तर अजून यादीच आहे असं समजा.

एक परिच्छेद जवळून

पीयूसीच्या सवयीतला परिच्छेद असा असतो :

‘महात्मा गांधी हे थोर नेते होते. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. १९२४ मध्ये बेळगाव येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी त्याचे अध्यक्ष होते. या अधिवेशनात सूतकताईला महत्त्व देण्यात आले. अशा प्रकारे हे अधिवेशन अत्यंत महत्त्वाचे ठरले.’

एकही तपशील चुकलेला नाही. पण जन्मतारखेचा प्रश्नाशी संबंध नाही. ‘महत्त्व देण्यात आले’ : कुणी दिलं, कशासाठी, कसं? आणि ‘अशा प्रकारे’ म्हणताना आधी काहीच दाखवलेलं नाही. निष्कर्ष नुसता चिकटवलाय. आता हेच साहित्य विधानाच्या कामाला लावू :

‘सूतकताईची अट ही स्वराज पक्षाला दिलेल्या सवलतीची दुसरी बाजू होती. करारानुसार कायदेमंडळातील काम काँग्रेसच्या वतीने करण्याची मुभा स्वराज पक्षाला मिळाली. त्यामुळे नाफेरवादी कार्यकर्ते दुखावणे साहजिक होते. दरमहा दोन हजार यार्ड सूत देणाऱ्यालाच सभासद मानण्याच्या नियमाने या कार्यकर्त्यांचे विधायक काम संघटनेच्या केंद्रस्थानी आले. मात्र आजारपण किंवा अनिच्छा असल्यास दुसऱ्याने कातलेले सूत देण्याची सोय नियमातच होती. यावरून ही अट कडक शिस्तीपेक्षा समझोत्याकडे झुकलेली दिसते. दोन गटांना दोन वेगळी कामे देऊन एकाच संघटनेत ठेवणे, हे बेळगावच्या ठरावांनी साधले.’

पहिलं वाक्य म्हणणं मांडतं. दुसऱ्या आणि चौथ्यात पुरावा आहे. संदर्भाची खूण तिथे पडेल. ‘मात्र’पासूनचं वाक्य एक छोटा तपशील पकडतं आणि ‘यावरून’ त्यातून अर्थ काढतं. शेवटचं वाक्य परिच्छेद मुख्य विधानाला बांधतं. नवख्या निबंधात नेमका ‘यावरून’चा भाग गायब असतो. पुरावा ठेवला की काम झालं असं वाटतं, आणि तो काय सिद्ध करतो हे वाचणाऱ्यावर सोपवलं जातं. प्रत्येक तपशिलानंतर ‘मग काय?’ असं स्वतःला विचारा आणि जे उत्तर येईल ते लिहून टाका. वरचा नमुना आखूड आहे. २५० शब्दांच्या परिच्छेदात असे दोन पुरावे आणि दोन ‘यावरून’ बसतात.

विरोधी बाजू खरोखरच अडचणीची निवडा. इथे ती हाताशी आहे : सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याच्या बैठकीत सूतकताईची सक्ती ढिली झाली, म्हणजे बेळगावची अट वर्षभरही टिकली नाही. मग तडजोड फसली का? अट फसली पण फूट टळली, असं उत्तर देता येईल. किंवा तुमचं विधानच थोडं मवाळ करावं लागेल. दोन्ही चालतं. ‘काही लोक म्हणतात, पण ते चुकीचे आहेत’ हे मात्र चालत नाही.

प्रस्तावना शेवटी लिहिली तरी हरकत नाही. ‘भारत हा खंडप्राय देश आहे’ किंवा ‘प्राचीन काळापासून’ अशी सुरुवात असेल तर ती अख्खी खोडून दुसऱ्या परिच्छेदापासून वाचून बघा. बहुतेक वेळा काहीच हरवलेलं नसतं.

तीन भाषांच्या मध्ये

मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) केलेल्या विद्यार्थ्याला डिग्रीत अनेकदा इंग्रजीत लिहावं लागतं. अशा वेळी विचार, विधान आणि आराखडा बिनधास्त मराठीत करा, पण खर्डा सरळ इंग्रजीत लिहा. अख्खा निबंध मराठीत लिहून मग भाषांतर केलं की वेळ दुप्पट जातो आणि मराठी वाक्याची लांबी इंग्रजीत शिरते. इंग्रजी वाक्य पंधरा-वीस शब्दांपुढे गेलं की तोडा. घडून गेलेल्या गोष्टींना भूतकाळच वापरा. मराठीतल्यासारखं ‘गांधीजी म्हणतात, निघतात, पोचतात’ इतिहासाच्या इंग्रजी निबंधात खटकतं. विषयाच्या वीसेक संज्ञा तिन्ही भाषांत वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवा. माणसांच्या नावांचं एकच स्पेलिंग ठरवा, नाहीतर कंबळी एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरेच होतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी घरात ‘काय करूलास, जाऊलोय’ खुशाल म्हणावं, निबंधात ‘करत आहे’ लिहावं. त्याचबरोबर छापील मराठीचा फुगाही नको. ‘सदर अधिवेशनाच्या अनुषंगाने’ असं लिहून भारदस्तपणा येत नाही. ‘या अधिवेशनात’ पुरे.

चॅटजीपीटीसारखं साधन वापरायला कॉलेजची परवानगी आहे का ते आधी विचारा. असली तरी त्यानं सुचवलेलं प्रत्येक पुस्तक ग्रंथालयाच्या सूचीत शोधून, पान उघडून बघितल्याशिवाय संदर्भात घालू नका. अस्तित्वात नसलेली पुस्तकं ते बेधडक सांगतं, लेखकाच्या नावासकट.

संदर्भ

शैली कॉलेज सांगेल ती, पण एकदा धरली की शेवटपर्यंत तीच. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरात कंसात आडनाव, वर्ष आणि पान येतं, आणि शेवटी आडनावांच्या क्रमानं पूर्ण सूची. थेट उद्धृत केलं, दुसऱ्याचं मत स्वतःच्या शब्दांत सांगितलं, आकडा दिला : या तिन्ही वेळी संदर्भ लागतो. अधिवेशन डिसेंबर १९२४ मध्ये भरलं, यासारख्या सर्वज्ञात गोष्टीला लागत नाही. उद्धृत मजकूर एकूण निबंधाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचोरीविषयक नियमांबद्दल गैरसमज फार आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, साठ टक्क्यांपुढे नोंदणी रद्द, वगैरे टप्पे त्यांत आहेत, पण ते प्रबंध आणि संशोधनासाठी. असाइनमेंट, निबंध आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणून ‘दहा टक्के चोरी चालते’ हा निष्कर्ष दोन्हीकडून चुकतो. तुमच्या निबंधाला कॉलेजचा आणि प्राध्यापकांचा नियम लागू, आणि तो बहुधा शून्याचा असतो. एकाच गाइडमधून उतरवलेल्या तीन वह्या एका गठ्ठ्यात ओळखायला सॉफ्टवेअर लागत नाही.

दुरुस्ती

कोऱ्या दिवसानंतर खर्डा काढा. शुद्धलेखनाला लगेच हात लावू नका. आधी प्रत्येक परिच्छेदाच्या समासात सहा-सात शब्दांत लिहा, इथे काय म्हटलंय. लिहिता येत नसेल तर त्या परिच्छेदात दोन गोष्टी कोंबल्या आहेत, तो तोडा. दोन समासांत सारखंच आलं तर जोडा. मग समासातली वाक्यं मूळ आराखड्याशी ताडून बघा. हे झालं की मोठ्यानं वाचा. श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब आहे. ‘अत्यंत’, ‘अतिशय’, ‘मोलाचा वाटा’, ‘सिंहाचा वाटा’ हे शब्द शोधून काढून टाका, त्यांच्या जागी तपशील येतो का बघा. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, नावं, तारखा सगळ्यात शेवटी. शब्दमर्यादेच्या पाच-दहा टक्के इकडेतिकडे बहुधा खपतं, पण ते आधी विचारलेलं बरं.

सेमिस्टरच्या पेपरात हीच पद्धत आखडून वापरायची. मोठ्या प्रश्नाला पंचवीस मिनिटं असतील तर पहिली चार आराखड्याला द्या, मुख्य विधान पहिल्या दोन ओळींत लिहून मोकळे व्हा, आणि चार परिच्छेदांच्या पुढे जाऊ नका. पुरवण्या किती जोडल्या याला तिथे गुण नाहीत.

तपासलेली वही परत मिळाली की फक्त गुण बघून ती गठ्ठ्यात टाकू नका. समासातले शेरे एका पानावर उतरवा. कळले नाहीत तर नेमका परिच्छेद दाखवून ‘इथे काय कमी पडलं?’ असं विचारा; ‘गुण कमी का दिले?’ असं विचारलं की संवाद तिथेच तुटतो. त्या शेऱ्यांपैकी दोनच निवडा आणि पुढच्या असाइनमेंटच्या पहिल्या पानावर, प्रश्नाच्या वर लिहून ठेवा. दहा एकदम सुधारायला गेलं की एकही सुधारत नाही.